घड्याळ, ग्लास आणि उजव्या हाताचं प्लास्टर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातलं ऑफिसचं एक स्किट. हात मोडल्याचं सोंग घेऊन एक कर्मचारी साहेबाकडे रजा मागायला येतो. त्यात तुम्हाला तीन गोष्टी खटकल्या. साहेबासमोरचा पाण्याचा ग्लास आधी अर्धा असतो, मग भरलेला दिसतो, मग पार तळाला गेलेला. मागच्या भिंतीवरच्या घड्याळात आधी दहा वाजून दहा मिनिटं, मग पावणेअकरा आणि मग पुन्हा सव्वादहा. शिवाय एका क्लोजमध्ये, म्हणजे जवळून घेतलेल्या शॉटमध्ये, प्लास्टर डाव्या हाताऐवजी उजव्या हाताला आहे. तुमचा एक मित्र म्हणतो, तिन्ही ढळढळीत चुका आहेत. दुसरा म्हणतो, विनोदी कार्यक्रमात असलं सगळं मुद्दामच करतात. बरोबर कोण आणि ते ठरवायचं कशावरून, असं तुम्ही विचारलंय.

विनोदी कार्यक्रमांच्या सेटवर मी कन्टिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधल्या वस्तू आणि हालचाली दुसऱ्याशी जुळवण्याचं काम, सांभाळली आहे आणि नंतर एडिटला बसले आहे. म्हणजे असे जर्क, न जुळल्याने बसणारे धक्के, टाळण्याचं कामही केलंय आणि टाळता न आलेले झाकण्याचंही. तुमच्या दोन्ही मित्रांशी माझं पटणार नाही. तिन्ही गोष्टी एकाच खात्यात टाकून त्यांनी घोळ घातलाय. ग्लास, घड्याळ आणि प्लास्टर यांची कारणं बहुधा वेगवेगळी आहेत, आणि भांडायच्या लायकीची त्यांतली एकच आहे.

अशा वादांत नेहमी होतं ते असं. दोन शॉट जुळत नाहीत, ही झाली वस्तुस्थिती. ते का जुळले नाहीत, हा तपासाचा भाग. आणि त्यामुळे स्किटचं काही बिघडलं का, हा निवाडा. लोक वस्तुस्थिती दिसली की थेट निवाड्यावर जातात, मधला तपास कुणी करत नाही. मग एकाला सगळीकडे निष्काळजीपणा दिसतो आणि दुसऱ्याला सगळीकडे दिग्दर्शकाची प्रतिभा. खरा मामला बहुतेक वेळा या दोन्हींपेक्षा फार साधा असतो: जो टेक, म्हणजे एकाच प्रसंगाच्या अनेक चित्रणांपैकी जे एक, हसवत होता तो वापरला गेला, आणि त्या टेकमध्ये ग्लास भरलेला होता.

स्किट शूट कसं झालंय यावर पुढचं बरंचसं अवलंबून आहे. तुम्ही ते लिहिलेलं नाही, म्हणून मी वेगवेगळ्या शक्यता धरून सांगते.

पहिली शक्यता, स्टुडिओत प्रेक्षक बसलेत आणि तीन-चार कॅमेरे एकाच वेळी चालू आहेत. इथे वाइड (सगळा प्रसंग), टू-शॉट (दोघं एकत्र) आणि क्लोज हे एकाच क्षणाचे तुकडे असतात. साहेबाने ग्लास उचलला तर तो सगळ्या कॅमेऱ्यांत एकदमच उचलला जातो. त्यामुळे एका सलग प्रयोगात कट झाल्यावर हात वर असलेला अचानक खाली दिसणं शक्यच नाही. तरीही तसं दिसलं, तर तिथे दोन वेगळे टेक जोडले आहेत किंवा एखादी रिअ‍ॅक्शन दुसरीकडून उचलून चिकटवली आहे. म्हणजे न जुळणारा ग्लास तुम्हाला जोड कुठे आहे ते दाखवतो. माझ्या लेखी त्याचा एवढाच उपयोग, पण तो मोठा आहे.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवरचा कॅरल बर्नेट यांचा कार्यक्रम. तो १९६७ ते १९७८ या काळात चालला. शुक्रवारी दोन वेगवेगळ्या प्रेक्षकांसमोर पूर्ण कार्यक्रमाचे दोन प्रयोग व्हायचे, दोन्ही टेप व्हायचे आणि त्यांतलं चांगलं ते निवडून एक भाग बनायचा. त्यातले विनोदी नट टिम कॉनवे पहिल्या प्रयोगात लिहिल्याबरहुकूम काम करायचे आणि दुसऱ्यात सहकलाकारांना पत्ता नसलेलं काहीतरी काढायचे. समोरच्याला हसू आवरायचं नाही, प्रेक्षक वेडे व्हायचे. आता सांगा, असे दोन प्रयोग जोडताना रुमाल कुठल्या खिशात होता हे कोण बघत बसेल?

दुसरी शक्यता थेट प्रक्षेपणाची. ११ ऑक्टोबर १९७५ ला अमेरिकेतल्याच एनबीसी वाहिनीवर सुरू झालेला ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा विनोदी कार्यक्रम आठवा. थेट कार्यक्रमात टेक जोडण्याचा प्रश्नच नसतो. तिथे दिसतात त्या घाईच्या चुका: विग वाकडा बसलेला, आधीच्या स्किटची मिशी अर्धी राहिलेली, नटाची नजर समोरच्याऐवजी संवाद लिहिलेल्या पुठ्ठ्यावर. पण यात एक मेख आहे. त्याच दिवशी आधी दुसऱ्या प्रेक्षकांसमोर संपूर्ण रंगीत तालीम होते, तीही रेकॉर्ड होते, आणि पुनःप्रसारणात काही वेळा थेट प्रयोगाऐवजी तालमीतलं स्किट घातलं जातं. एकाने शनिवारी रात्री पाहिलेलं आणि दुसऱ्याने काही महिन्यांनी पाहिलेलं स्किट अक्षरशः वेगळं असू शकतं. दोघंही खरं बोलत असतात आणि दोघंही एकमेकांना खोटं ठरवत असतात.

तिसरी शक्यता एका कॅमेऱ्याची. आधी मास्टर, म्हणजे सगळा प्रसंग वाइडमध्ये. मग साहेबाच्या खांद्यावरून कर्मचारी, कर्मचाऱ्याच्या खांद्यावरून साहेब, मग क्लोज. प्रत्येक मांडणीत तोच प्रसंग पुन्हा. इथे प्रत्येक कट संशयित, कारण प्रत्येक कटच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेळी शूट झालेल्या असतात. कन्टिन्युइटीवाली व्यक्ती फोटो काढते, पण फोटोंपेक्षा तिचं खरं काम वहीत असतं: कोणत्या शब्दावर चष्मा काढला, कोणत्या हाताने, पायरीवर आधी कुठला पाय. ‘वाक्याच्या शेवटी ग्लास ठेवला’ ही नोंद कुचकामी. ‘“मंजूर” या शब्दातल्या “मं”वर ग्लास टेबलाला टेकला’ ही उपयोगी.

तुमचं स्किट यांतलं कोणतं हे घरबसल्या ओळखायचं असेल तर कॅमेरा कुठे कुठे जातो ते बघा. प्रेक्षकांसमोरच्या शूटमध्ये कॅमेरे प्रेक्षकांच्या बाजूलाच असतात, चौथी भिंत, म्हणजे प्रेक्षकांकडची बाजू, कधी दिसत नाही. तुमच्या स्किटमध्ये साहेबाच्या पाठीमागून दरवाजाही दिसतो आणि दरवाजातून साहेबामागचं घड्याळही दिसतं, असं तुमच्या वर्णनावरून वाटतंय. तसं असेल तर प्रसंग, निदान त्याचा काही भाग, प्रेक्षकांशिवाय तुकड्या-तुकड्यांत शूट झालाय. दुसरी खूण नटांच्या थांबण्यात असते. समोर प्रेक्षक असले की नट हशा ओसरायची वाट बघतो, आणि वाट बघताना त्याचं अंग जिवंत असतं, तो काहीतरी करत राहतो. हशा नंतर चिकटवलेला असेल तर वाक्य हशाखाली दबतं किंवा हशा वाक्यांच्या फटीत कोंबल्यासारखा वाटतो.

आता ग्लास.

न जुळणाऱ्या गोष्टींत द्रव पदार्थ सगळ्यांत वात्रट. ग्लासच्या मागच्या बाजूला चिकटपट्टीची बारीक खूण करून प्रत्येक टेकआधी तिथपर्यंत पाणी भरायचं, ही साधी युक्ती आहे आणि ती चालते. पण साहेबाचं काम करणारा नट विनोदातला मुरलेला असेल, तर घोट कधी घ्यायचा हे तो ठरवतो, संहिता नाही. त्याच्यासाठी घोट म्हणजे पॉझ. कर्मचारी म्हणतो, “साहेब, हात मोडलाय,” आणि साहेब उत्तर देण्याआधी सावकाश पाणी पितो, ग्लास ठेवतो, तोंड पुसतो, आणि मगच म्हणतो, “कुणाचा?” या टेकमध्ये घोट लांबला, दुसऱ्यात दोन घोट झाले, तिसऱ्यात त्याने ग्लासला हातच लावला नाही. त्याला ‘प्रत्येक वेळी एकच घोट घ्या’ असं सांगता येतं. मी सांगितलंही आहे. मग तो एकच घोट घेतो, अगदी शिस्तीत, आणि प्रसंग मरतो.

एडिटच्या टेबलावर मग दोन पर्याय उरतात: पाण्याची पातळी जुळणारा टेक, किंवा “कुणाचा?” जमलेला टेक. इथे संकलक वॉल्टर मर्च यांची यादी आठवते. कट कुठे करायचा याचे सहा निकष त्यांनी टक्क्यांत मांडले: भावना ५१, कथा २३, लय १०, प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठे आहे ते ७, पडद्याच्या सपाट चौकटीतली दिशा ५, आणि प्रत्यक्ष जागेतली सलगता, म्हणजे कोण कुठे उभं आहे आणि काय कुठे ठेवलंय, ४. आकडे अर्थातच काट्यावर तोलायचे नाहीत, प्राधान्य कळण्यापुरते आहेत. सगळं साधत असेल तर उत्तमच, पण काही सोडायचं असेल तर खालून सोडत जायचं, असा त्यांचा मथितार्थ. विनोदात मी लयीला आणखी वर नेईन. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. पंचनंतरची, म्हणजे हसवणाऱ्या वाक्यानंतरची, रिअ‍ॅक्शन पाच-सहा फ्रेम इकडेतिकडे झाली की तोच विनोद बसतो किंवा पडतो. त्यापुढे ग्लासातलं बोटभर पाणी मी दर वेळी सोडून देईन.

प्रेक्षकाच्या नजरेचा तो ७ टक्क्यांचा निकषही इथे कामाचा आहे. “कुणाचा?” ऐकताना प्रेक्षक साहेबाच्या चेहऱ्याकडे बघतो. ग्लास चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात आहे. कट अशा ठिकाणी करायचा की नजर एका चेहऱ्यावरून थेट दुसऱ्या चेहऱ्यावर जाईल, कोपऱ्यात कुणी जाणारच नाही. तुम्ही कोपऱ्यात गेलात ते दुसऱ्या-तिसऱ्यांदा बघताना, हे मी खात्रीने सांगते.

घड्याळाची गोष्ट निराळी. सेटवर चालू घड्याळ टांगणं हेच मुळात संकटाला आमंत्रण आहे. शहाणा आर्ट डिपार्टमेंटवाला सेल काढून ठेवतो आणि प्रसंगाच्या वेळेनुसार काटे हाताने लावतो. सेल राहिला तर घड्याळ आमची सगळी गुपितं फोडतं. तुमच्या स्किटमध्ये वेळ पुढे जाऊन मागे आली, म्हणजे सव्वादहाचा शॉट पावणेअकराच्या आधी शूट झालाय. एका कॅमेऱ्याच्या शूटमध्ये हे रोजचंच आहे: एका दिशेचे सगळे शॉट आधी उरकायचे, मग लाइट फिरवून दुसऱ्या दिशेचे. तुमच्याकडे पुरेसे शॉट असतील तर नुसत्या घड्याळावरून त्या दिवशीचा शूटिंगचा क्रम लावता येईल. मला विचाराल तर स्किटपेक्षा तो खेळ जास्त मजेदार आहे. दुसरं शक्य कारण म्हणजे एडिटमध्ये संवादांची अदलाबदल. स्किट लांबलं, मधला भाग उचलला, एक वाक्य पुढे आणलं, आणि बिचारं घड्याळ आपल्या जागीच राहिलं. दोन्ही कारणांत स्किटचं काहीच बिघडत नाही, कारण या गोष्टीत वेळेला महत्त्वच नाही. ‘साहेब, बरोबर साडेदहाला डॉक्टरकडे जायचंय’ असं वाक्य असतं तर मात्र मी तुमच्या पहिल्या मित्राच्या बाजूने उभी राहिले असते.

माझं मोजमाप नेमकं हेच आहे. ज्या वस्तूवर विनोद टांगलेला आहे ती हलली तर चूक मोठी. बाकीच्या वस्तूंनी पडद्यावर हवा तेवढा गोंधळ घालावा. गंभीर मालिकेत मी इतकी सैल राहणार नाही, कारण तिथे प्रेक्षक पुरावे गोळा करत असतो: रक्ताचा डाग कुठे होता, दार उघडं होतं की बंद. चार-पाच मिनिटांच्या स्किटमध्ये प्रेक्षक पुढच्या पंचची वाट बघत असतो.

आणि म्हणूनच प्लास्टर गंभीर आहे. माणूस हात मोडल्याचं सोंग करतोय. कोणता हात, हाच तर विनोदाचा खिळा. प्लास्टर चुकून उजव्या हाताला गेलं असेल तर प्रेक्षकाला वाटणार, अरे, आता साहेब पकडणार! साहेब पकडत नाही, प्रसंग पुढे जातो, आणि प्रेक्षकाच्या मनात एक फुकटची अपेक्षा लोंबकळत राहते. ग्लासने असं काही होत नाही.

पण निवाड्याआधी तपास. उजव्या हाताच्या प्लास्टरला तीन कारणं संभवतात आणि तिन्ही पडद्यावरच पडताळता येतात.

एक, शॉट आरशासारखा उलटवलेला आहे. दोन माणसं समोरासमोर बोलताना एकाची नजर डावीकडे, तर दुसऱ्याची उजवीकडे लागते. कॅमेरा त्या दोघांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या पलीकडे गेला की दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात. याला आम्ही लूक चुकला म्हणतो. तो दुरुस्त करायचा सोपा उपाय म्हणजे शॉट फ्लिप करणं. मग प्लास्टरबरोबर बाकी सगळंही उलटतं. शर्टाचा खिसा बघा, सहसा तो डाव्या बाजूला असतो. केसांचा भांग बघा, बटणपट्टी बघा, मागे अक्षरं असतील तर ती वाचून बघा. घड्याळावर विसंबू नका, कारण दहा वाजून दहा मिनिटं उलटली की एक वाजून पन्नास मिनिटं दिसतात, दोन्ही काट्यांची ठेवण जवळपास सारखीच, आणि घाईत फरक कळत नाही. खिसा आणि भांगही उलटले असतील तर हे काम एडिटमध्ये झालंय, सेटवर नाही.

दोन, फक्त प्लास्टर उलटलंय, बाकी सगळं जागेवर. मग बहुधा तो क्लोज नंतर, कदाचित दुसऱ्याच दिवशी, पॅच, म्हणजे राहिलेला तुकडा भरून काढायला, म्हणून शूट झालाय आणि प्लास्टर चुकीच्या हाताला बांधलं गेलंय. त्या क्लोजमधला लाइट, नटाची दाढी, मेकअपचा रंग आणि मागच्या आवाजाचा पोत बघा. पॅच असेल तर यांतलं काहीतरी फितूर झालेलं असेलच.

तीन, मुद्दाम. तुमच्या दुसऱ्या मित्राची बाजू. सोंगाड्या माणसाचं प्लास्टर हात बदलतं, ही कल्पना विनोद म्हणून चांगलीच आहे. पण विनोद लिहिणारे लोक केलेला विनोद लपवून ठेवत नाहीत. कुणीतरी पात्र ते बघतं, कॅमेरा त्यावर क्षणभर थांबतो, किंवा तो बदल पुन्हा घडतो. एकदाच, कुणाच्याही लक्षात न येता, मधल्याच एका क्लोजमध्ये घडलेला बदल सहसा मुद्दाम नसतो. पार्श्वभूमीत गुपचूप गंमत पेरणारे कार्यक्रम आहेत, नाही असं नाही. पण ते कार्यक्रम तसं वरचेवर करतात. या कार्यक्रमाच्या बाकी स्किट्समध्ये असली पेरणी सापडत नसेल तर इथेच एकदा ती झाली असं म्हणणं म्हणजे बादरायण संबंध जोडणं झालं.

मुद्दाम केलेलं कसं दिसतं याचा उत्तम नमुना बीबीसीवरच्या ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’मध्ये, म्हणजे पायथन या विनोदी मंडळींच्या कार्यक्रमात, आहे. त्या काळच्या प्रथेप्रमाणे त्यांचे आतले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओवर आणि बाहेरचे १६ मिमी फिल्मवर चित्रित व्हायचे. पात्र दाराबाहेर पाऊल टाकतं आणि चित्राचा सगळा पोतच बदलतो, व्हिडिओचं गुळगुळीत चित्र जाऊन फिल्मचं दाणेदार चित्र येतं. हा तेव्हाच्या टीव्हीवरचा रोजचा जर्क होता आणि तो न बघायची सवय प्रेक्षकांना झाली होती. १९७० मधल्या दुसऱ्या पर्वातल्या एका स्किटमध्ये त्यांनी पात्रांनाच तो दिसू दिला. एक जण बाहेर जातो, आपण फिल्मवर आलो हे त्याला कळतं, तो घाबरून आत येतो आणि बाकीच्यांना बातमी देतो की या खोलीला फिल्मने वेढलंय. मुद्दाम केलेली विसंगती अशी छातीठोकपणे समोर येते, तिच्यासाठी चित्र थांबवून भिंग लावावं लागत नाही.

तुम्ही आणखी एक गोष्ट लिहिली आहे: तुमच्या घरी कुणालाच काही दिसलं नाही आणि आता तुमच्यावर ‘चुकाच शोधत बसतोस’ असा शिक्का बसलाय. यावर डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स या मानसशास्त्रज्ञांचा १९९७ चा प्रयोग सांगते. त्यांनी दोन स्त्रियांच्या गप्पांची छोटी फिल्म बनवली आणि कटच्या आडून मुद्दाम नऊ बदल केले. गळ्यातला स्कार्फ गायब, लाल ताटल्यांच्या जागी पांढऱ्या, असे ठळक बदल. पहिल्यांदा बघताना दहा प्रेक्षकांपैकी फक्त एकाला काहीतरी बदलल्याचं जाणवलं. बदल आहेत असं आधी सांगून पुन्हा दाखवलं, तरी नऊपैकी सरासरी दोनच सापडले. म्हणजे घरच्यांना न दिसणं हा त्यांचा आंधळेपणा नाही आणि तुम्हाला दिसणं हा तुमचा विकारही नाही. गप्पा ऐकणारा मेंदू ताटल्यांचा हिशेब ठेवत नाही, आणि संकलक त्याच भरवशावर जगतो. पण यातून एक गोष्ट निघते: ‘कुणाला दिसलंच नाही, म्हणजे चूकच नाही’ हा युक्तिवाद प्लास्टरच्या बाबतीत चालणार नाही, कारण तिकडे प्रेक्षकाचं लक्ष स्किटने स्वतःच वळवलंय.

आता पुढच्या वेळी बघायचं कसं. पहिल्यांदा न थांबवता बघा आणि कुठे अडखळलात एवढंच लक्षात ठेवा. तेवढीच जागा महत्त्वाची. मग आवाज बंद करून बघा. संवाद गेले की हात, खिसे, ग्लास आपोआप पुढे येतात. मग उलट करा, चित्राकडे पाठ फिरवून नुसतं ऐका. हे फार कमी लोक करतात आणि खरा माल इथेच सापडतो. हशा ऐन भरात असताना तुटतो, खोलीतली बारीक घरघर एका वाक्यापुरती बदलते, नटाचा श्वास अर्धा कापला जातो. चित्रातला जोड आम्ही रिअ‍ॅक्शन शॉट घालून झाकतो, आवाजातला जोड झाकणं जास्त कठीण. चित्रात न जुळणारा ग्लास आणि आवाजात तुटलेला हशा एकाच ठिकाणी सापडले, तर टेक बदलल्याबद्दल वाद उरत नाही.

वादाला बसण्याआधी दोघांनी एकच आवृत्ती पाहिलीय ना, हे आधी बघा. वर सांगितलेलं तालमीचं उदाहरण आहेच, पण नंतरची कात्री त्याहून वाईट. १९७५ साली अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने पायथन मंडळींचे तीन भाग ९० मिनिटांच्या एका कार्यक्रमात बसवले आणि त्यातली २४ मिनिटं गाळली. मंडळी कोर्टात गेली, आणि १९७६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल देत अशी कापलेली आवृत्ती पुन्हा दाखवायला मनाई केली. काही स्किट्स ज्या टोकाकडे चालली होती ते टोकच कापलं गेलं, हेही न्यायालयाने नोंदवलं. तो कार्यक्रम पाहून कुणी ‘या लोकांना स्किट संपवता येत नाही’ म्हणाला असता, तर दोष भलत्याच्याच माथी गेला असता. हल्ली स्किटचे तुकडे करून वेगवेगळ्या ठिकाणी टाकतात, त्यात मधली दोन वाक्यं उडालेली असणं अगदी नेहमीचं आहे.

जुन्या कार्यक्रमांबद्दल एक सवलत मागते. १९५६ मध्ये अ‍ॅम्पेक्स कंपनीचं व्हिडिओटेप यंत्र आलं खरं, पण सुरुवातीला ती टेप पात्याने कापून जोडावी लागायची, आणि टेप महाग. त्यामुळे नट अडखळला तरी प्रयोग पुढे रेटायचे. शिवाय तेव्हाच्या टीव्हीत चित्राची कड चौकटीआड जायची, म्हणून महत्त्वाची हालचाल मधल्या ९० टक्के भागात ठेवायची पद्धत होती. त्या कडेला लोंबणारा माइक तेव्हा घरात कुणालाच दिसत नसे. आज संपूर्ण चौकट स्वच्छ करून दाखवतात आणि तो माइक आपण ‘चूक’ म्हणून मोजतो. हा अन्याय आहे.

तुमच्या पत्रात शेवटी जाता जाता विचारलंय, की याच साहेबाचं नाव दुसऱ्या भागात वेगळं होतं, ती चूक धरायची का. नाही. स्किटमधलं पात्र दर वेळी नव्याने जन्माला येतं. कार्यक्रमाने स्वतःहून ‘मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात’ असं म्हणून जुना संदर्भ काढला आणि तो चुकवला, तरच बोलायचं.

आणि कार्यक्रमाच्या लोकांना कळवायचं असेल तर प्लास्टरबद्दलच कळवा. भाग नवा आहे, पुनःप्रसारणाआधी दुरुस्ती होऊ शकते. मिनिट-सेकंद लिहा, आवृत्ती कुठे पाहिली ते लिहा, आधीची आणि नंतरची फ्रेम जोडा आणि खिसा उलटला की नाही तेही सांगा. फ्लिप असेल तर शॉट सरळ करून लूकचा जर्क पत्करता येतो. पॅच असेल तर क्लोज थोडा वर क्रॉप करून हात चौकटीबाहेर घालवता येतो, किंवा त्या जागी साहेबाची रिअ‍ॅक्शन टाकता येते. ग्लासचं मात्र लिहू नका. एडिटला बसलेल्या माणसाला तो आधीच दिसलेला असतो.